काळी तीन

ऑफिसच्या लिफ्टचं दार उघडताना दोन स्वर वाजतात, आधी पांढरी सहा, मग पांढरी चार. त्या सोमवारी ते काळी चार आणि पांढरी तीन असे वाजले. मी आत गेलेच नाही. माझ्या मागचा माणूस मला वळसा घालून आत शिरला, लिफ्ट वर गेली, परत खाली आली, दार उघडलं, आणि पुन्हा तेच. दाराशी खुर्ची टाकून बसणाऱ्या काकांना मी विचारलं, "काका, लिफ्टची घंटी बदलली का?" ते म्हणाले, "घंटी? छे. मागे एकदा चौथ्या मजल्याचं बटण तेवढं बदललं." "पण आवाज खाली आलाय." काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, लिफ्टच खाली आलीय. वर जाईल तेव्हा आवाजही जाईल." मी हसले आणि जिन्याने गेले. जिना चढताना मी मनातल्या मनात लिफ्टचे जुने दोन स्वर म्हणून पाहिले. ते जागेवर होते. म्हणजे लिफ्टचा स्पीकर बिघडला असणार, असं मी धरून चालले. अर्थात छोटा स्पीकर बिघडला की खरखरतो, बोबडा होतो. बरोबर अर्धा स्वर खाली जाऊन तिथे स्वच्छ वाजत राहत नाही. हे माझ्याइतकं त्या इमारतीत कोणालाच माहीत नसेल, कारण मी पगार घेते तो असल्याच गोष्टींचा.

पांढरी सहा, काळी चार ही नावं आमच्या घरातली. मी लहान असताना बाबांनी एक खेळण्यातला पियानो आणला होता. त्याच्या पांढऱ्या पट्ट्या डावीकडून एक ते सात मोजायच्या, काळ्या एक ते पाच. बाबा रेकॉर्ड लावायचे, मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे, आणि पहिला स्वर लागला की ते विचारायचे, "कुठली?" मी म्हणायचे, "पांढरी पाच." मग ते पियानोची ती पट्टी दाबून बघायचे आणि "बरोबर" म्हणायचे. बाबांना स्वतःला हे येत नव्हतं. त्यांना दोन स्वर शेजारी ठेवले तर कुठला वरचा ते कळायचं, त्यापलीकडे नाही. आईलाही येत नव्हतं, दादालाही नाही. मला मात्र स्वर शेजारी ठेवून बघावे लागत नसत. लाल रंग लाल दिसतो तशी पांढरी पाच ऐकू यायची. त्यावरून बाबांनी माझं नाव कानसेन ठेवलं. पाहुणे आले की "कानसेनला बोलवा" असा हुकूम निघायचा, कोणीतरी चमच्याने पेला वाजवायचं आणि मी पेल्याची पट्टी सांगायचे. आई म्हणायची, "पुरे झालं, पोरीचं माकड करू नका." पण बशा वाजवायला तीच पुढे असायची.

प्रयोगशाळेत गेल्यावर मी पहिल्यांदा ध्वनिमापक तपासायचं यंत्र काढलं. मुठीएवढं असतं, कळ दाबली की एकच स्वर देतं, सेकंदाला हजार कंपनांचा. आम्ही इथे वस्तूंचे आवाज तपासतो: धुलाई यंत्राची शिट्टी, रुग्णाच्या उशाशी असणाऱ्या यंत्राची धोक्याची सूचना, ट्रक मागे घेतानाचा टूंटूं. हजार कंपनांचा स्वर पांढरी सातच्या जरासा वर असतो. मला तो काळी पाचच्या जरासा वर ऐकू आला. पडद्यावर मात्र हजार होतं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाला आम्ही दशांश म्हणतो, कारण जेवलास का विचारलं तरी तो टक्केवारीत सांगतो. त्याला मी यंत्र दिलं. "हा स्वर कसा वाटतो रे?" त्याने पडद्याकडे पाहिलं. "हजार पूर्णांक शून्य शून्य." "वाचू नकोस. कसा वाटतो?" "हजारसारखा वाटतो. आणखी कसा वाटणार?" मग माझ्याकडे निरखून बघत, "बरं नाही का वाटत? पाणी आणू?" गेल्या काही आठवड्यांत सगळेच मला पाणी आणून द्यायला लागले होते.

त्याचं कारण असं की मी रस्त्यात पडले होते. सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभी होते एवढं आठवतं, आणि नंतर गालाखाली खडबडीत सिमेंट आणि नाकापासून वीतभर अंतरावर कोणाच्या तरी नव्या चपला, अजून किमतीचा कागद चिकटलेल्या. मधलं काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला झटका म्हणतात, मेंदूत वीज एकदम सगळीकडे जाते, आणि तुमच्या मेंदूच्या चित्रावरून दिसतंय की ती पुन्हा जाईल. पहिल्या औषधाने अंगभर पुरळ उठलं. दुसरं लागू पडलं. त्याची पूर्ण मात्रा सुरू झाली ती लिफ्टच्या आधीच्या शुक्रवारी. मी कागदावर दोन स्तंभ काढून औषधाच्या तारखा आणि स्वरांच्या तारखा शेजारी मांडल्या, आणि बाईंना फोन केला. त्यांनी दोन्ही तारखा पुन्हा विचारल्या. मग त्यांच्या आवाजात एकदम उत्साह आला, दुर्मिळ पक्षी दिसावा तसा. "होतं हो, अगदी थोड्या लोकांना होतं. सगळंच सारखं खाली सरकतं, त्यामुळे बहुतेकांना पत्ताच लागत नाही. तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, लिफ्टमुळे. औषध बदलता येईल का, असं विचारल्यावर उत्साह ओसरला. येईल, पण बदलाबदलीचे महिने धोक्याचे. हे लागू पडलंय, काही काळ राहू दे. "आणि एक लक्षात ठेवा. मनाने कमी करायचं नाही. हे एकदम सोडलं तर आधीपेक्षा मोठा झटका येतो. त्या वेळी सिग्नल लाल असेलच असं नाही." मी हो म्हटलं. एका अर्ध्या स्वराची तक्रार करताना मला थोडी लाजही वाटत होती. ऐकू येतं आहे, बोलता येतं आहे, हातपाय धड आहेत. माणसांचे आवाजही खाली गेले असणार, पण आईच्या किंवा दशांशच्या आवाजाला मी कधी पट्टीचं नाव दिलं नव्हतं, म्हणून ते मला होते तसेच वाटत होते.

खरी धास्ती रविवारची होती. रविवारी मी बसने आईबाबांकडे जाते आणि आम्ही टोपवाल्यांचं ऐकतो. टोपवाले म्हणजे तो संगीतकार, फार जुना, मरून पिढ्या लोटल्या. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं चित्र असतं, दुहेरी हनुवटी आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप. त्याने गाण्यासाठीही ढीगभर लिहिलं आहे, पण आमच्या घरात फक्त वाद्यांचं. बाबांचं म्हणणं, शब्द आले की माणूस शब्दांकडे बघतो. बाबा आयुष्यभर चष्म्याची भिंगं घासत आले. बघण्याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. फळीवर रेकॉर्डी उभ्या असतात त्या आवडीच्या क्रमाने, सगळ्यात लाडकी डाव्या टोकाला. क्रम बदलायचा असेल तर नियम आहे: आपली रेकॉर्ड सगळ्यांना पूर्ण ऐकवायची आणि मग भांडायचं. डाव्या टोकाला वर्षानुवर्षं ‘एकटा’ आहे, म्हणजे एकट्या चेलोसाठीचे संच. त्याच्या शेजारी ‘दोघी’, दोन व्हायोलिनांसाठीचं. त्यातल्या संथ भागात एक बोलते आणि दुसरी तिचं वाक्य संपायच्या आत तेच म्हणायला लागते, आणि तरी भांडण होत नाही. आई म्हणते, मावशीशी माझं फोनवर असंच चालतं. मग आईच्या ‘येरझारा’: एक साधी चाल, तिचे तीस नमुने, आणि शेवटी पुन्हा तीच साधी चाल. आई सांगते की शेवटी ती चाल तीच नसते. बाबा म्हणतात, स्वर न् स्वर तोच आहे, तपासून बघ. गेली कित्येक वर्षं दोघं आपापल्या जागी ठाम आहेत. उजव्या टोकाला दादाचं ‘अर्धवट’. टोपवाल्यांनी हे लिहिता लिहिता सोडलं, वाजवणारे त्या जागी येऊन थांबतात, चालता चालता गच्ची संपावी तसे. दादा ते पहिल्या जागी न्यायला निघाला होता, बाबांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "अपुरं काम मी गिऱ्हाइकाला देत नाही, घेत पण नाही." दादा आता दुसऱ्या शहरात असतो आणि फोनवर सगळ्यात आधी विचारतो, माझं कितवं आहे?

त्या पहिल्या रविवारी बाबांनी ‘एकटा’ लावला. सुई टेकली, खरखर झाली, मग तो श्वास. वाजवणारा दाढीवाला आहे, वेष्टनावर फोटो आहे, आणि पहिला स्वर काढायच्या आधी तो नाकाने एक लांब श्वास घेतो. माईक फार जवळ ठेवला असावा. लहानपणी मी त्याच्याबरोबर श्वास घ्यायचे. त्या दिवशीही घेतला, आणि काळी तीन लागली. काळी तीनवर ही चाल कधीच नव्हती. सगळ्या उड्या तेवढ्याच उंचीच्या होत्या, सगळी वळणं जिथल्या तिथे, आणि तरी मला असं वाटत होतं की आमच्याच घरात कोणीतरी सगळं सामान त्याच मांडणीत शेजारच्या घरात नेऊन ठेवलं आहे आणि मला म्हणतं आहे, बस ना, परकी का होतेस. मी उठून यंत्राकडे पाहिलं. फिरत्या तबकाच्या कडेला ठिपके असतात आणि बाजूला एक लहानसा दिवा. वेग अचूक असला की दिव्याच्या उजेडात ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. ठिपके उभे होते. बाबांच्या घरात ते दुसरं काही करतील हे शक्यच नव्हतं. वेगाची सरकती कळ कायम शून्यावर असायची; लहानपणी दादाने ती एकदा गंमत म्हणून सरकवली तेव्हा बाबांनी त्याला समोर बसवून, न ओरडता, शून्य म्हणजे काय यावर इतकं लांबलचक समजावलं की दादा म्हणाला, त्यापेक्षा मारा.

"काय बघतेस? चुकीचं वाजतंय का?" बाबांनी विचारलं. मग मी सांगितलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "म्हणजे तुला आम्ही घोगरे ऐकू येतो?" "नाही गं. तुम्ही तसेच आहात. फक्त स्वरांची नावं सरकलीत." बाबांनी चष्मा काढून पुसला; ते विचार करतात तेव्हा काचेचं काही तरी हातात लागतं. "किती खाली?" "अर्धा स्वर." "सगळं सारखंच? वरचं, खालचं?" "सगळं." "कमीजास्त नाही होत?" "नाही." "मग सोपं आहे," बाबा म्हणाले. "कानाला नंबर लागलाय." आई म्हणाली, "अहो, पोरगी काय सांगतेय आणि तुम्ही दुकान कसलं उघडताय!" पण मला ते बरं वाटलं. नंबर लागणं ही आमच्या घरात रोजची गोष्ट होती.

त्यानंतरचे आठवडे मी बाहेरून नीट होते. गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. काम चोख. पण आत एक तपासनीस बसला होता आणि तो प्रत्येक आवाजाला हटकत होता: बसचा भोंगा, शेजारच्या मुलाची शिट्टी, काचेवर आपटलेली किल्ली. प्रत्येकाची जुनी पट्टी मला पाठ होती आणि प्रत्येकजण खोटी सांगत होता. मी स्वतःला समजावायचे की स्वर म्हणजे स्वरांमधलं अंतर, आणि अंतर हललेलं नाही. भौतिकशास्त्रात हे पहिल्या वर्षाला शिकवतात. पण ‘दोघी’ मनात आठवली की ती पांढरी चारवर असायची आणि कानाने ऐकली की पांढरी तीनवर, आणि या दोन ‘दोघी’ एकाच वेळी डोक्यात वाजल्या की दात शिवशिवायचे. आठवण आणि कान यांत अर्ध्या स्वराची फट पडली होती. आणखी वर्षभराने काय होईल, याची मला भीती वाटायची. आठवणही हळूहळू खाली सरकेल, फट बुजेल, आणि बाबांकडे पाठ करून बसलेल्या त्या मुलीची सगळी उत्तरं चुकीची ठरतील. तेही मला कळणार नाही. दशांशला मी हे एकदा सांगायला गेले. तो म्हणाला, "पण तू जिवंत आहेस हे शंभर टक्के." त्याच आठवड्यात मी गोळी सुरीने अर्धी करायला लागले. सकाळची अर्धी, संध्याकाळची अर्धी. उरलेले अर्धे तुकडे मी पाकिटातच ठेवत होते, फेकत नव्हते. फेकले असते तर ते सोडल्यासारखं झालं असतं. रस्ता ओलांडताना मी खांबाला धरून उभी राहायचे आणि स्वतःला सांगायचे की हा प्रयोग आहे.

मग तो रविवार. आईने बटाटे उकडायला ठेवले आणि बाबांनी ‘एकटा’ लावला. आईचे बटाटे रेकॉर्डच्या एका बाजूत होतात, घड्याळाचं काम ती टोपवाल्यांकडून करून घेते. बाबा नेहमीसारखे यंत्राशेजारच्या खुर्चीत न बसता यंत्राच्या पुढेच उभे राहिले, हात मागे बांधून. सुई टेकली, खरखर झाली, आणि पांढरी पाच लागली. मी खुर्चीच्या हाताला धरलं. पांढरी पाच. तीच, लाल रंग लाल दिसावा तशी. चाल वर चढली, उतरली, पुन्हा त्याच पायरीवर येऊन पुन्हा चढली, आणि प्रत्येक पायरी जुन्या जागी होती, फट नव्हती. डोळ्यात पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर दिसलं असतं. बाबा माझ्याकडे बघत होते. "कसं आहे?" "छान आहे," मी म्हटलं. "अगदी जागेवर." ते खिडकीकडे वळले, पण त्यांची मान ताठ झाली, गिऱ्हाइकाने नव्या चष्म्यातून पहिल्यांदा दूरची पाटी वाचली की व्हायची तशी. मी इकडे हिशोब करत होते. अर्धी गोळी पुरली. अर्ध्या गोळीत स्वर परत आले आणि झटका आलेला नाही. म्हणजे मेंदूला औषधाची गरज वाटते तेवढी नसावी. उद्यापासून संध्याकाळची बंद, पुढच्या आठवड्यापासून सकाळचीही, आणि बाईंना नंतर सांगू. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये हे मला शिकवलं होतं. शुक्रवारी लिफ्ट खालीच वाजली होती हेही मला आठवत होतं. मी मनाशी म्हटलं, शुक्रवारनंतर शनिवार गेला.

बाजू संपली आणि आई दारात आली, हातात काटा. "संपली पण? बटाट्यात अजून कच्ची गोळी आहे." बाबा झटकन म्हणाले, "गॅस कमी असेल." "गॅस नेहमीएवढाच आहे. तुमचे टोपवालेच आज कुठे निघालेत गाडी पकडायला." तेवढ्याशा फरकाने बटाटा खरंच कच्चा राहील का, याचा मी नंतर विचार केला; राहू नये. त्या दिवशी बटाटेच मोठे असतील. पण आईचं वाक्य ऐकून माझ्या आतल्या तपासनिसाने मान वर केली. बाबा रेकॉर्ड उलटायला वाकले होते. मी म्हटलं, "तीच बाजू पुन्हा लावा ना." "पुन्हा? ‘दोघी’ लावतो की." "नको. हीच." त्यांनी लावली. या वेळी मी स्वरांची वाट बघितली नाही. खरखर झाली, आणि दाढीवाल्याने श्वास घेतला. आखूड. जिना चढून आलेल्या माणसाचा. लहानपणापासून मी ज्या श्वासाबरोबर श्वास घेत आले तो संपला तेव्हा माझा अजून चालू होता.

मी उठले. बाबा अजूनही यंत्राच्या पुढे उभे होते. मी बाजूने वाकून पाहिलं. ठिपके एका पाठोपाठ एक वाहत होते. सरकती कळ शून्यापासून बरीच दूर होती, आणि तिच्या खाली बाबांनी पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवली होती, भिंगाच्या मधोमध मारतात तशी.

"बाबा, ठिपके पळतायत."

"दिसलं का," बाबा म्हणाले. मग कळेवर बोट ठेवून म्हणाले, "चष्मा आहे तो. तुला अर्धा स्वर खाली, म्हणून हा तेवढाच वर. त्या खेळण्यातल्या पियानोशी जुळवून जुळवून काढला. दोन दिवस लागले, मला कुठे कळतं पटकन."

"तुम्हाला कसं ऐकू येतं हे?"

"टोपवाल्यांना कुत्रं मागे लागल्यासारखं," आईने दारातून सांगितलं. "दोन दिवस माझं डोकं उठलंय. पण म्हणाले, तिला सांगायचं नाही, सांगितलं तर ती ऐकणार नाही."

"ऐकलं नसतंच," मी म्हटलं. चेलो मागे धावत होता. मी बाबांच्या खुर्चीत बसले, आणि बसल्यावर बोलणं सोपं गेलं. "मला वाटलं, माझं माझं बरं झालंय. मी उद्यापासून गोळी बंद करणार होते."

बाबांचा हात सुईकडे गेला आणि हवेतच राहिला. "बंद म्हणजे?"

"गेला आठवडाभर अर्धीच घेतेय."

आईने काटा टेबलावर ठेवला, आत गेली, पेला भरून आणला आणि माझ्यासमोर धरला. मी पाकिटातून सकाळचा उरलेला तुकडा काढला आणि तिच्यासमोर गिळला. मग तिथूनच बाईंना फोन लावला आणि आठवडाभराचं सगळं सांगितलं. त्या या वेळी उत्साही नव्हत्या. सविस्तर रागावल्या, संध्याकाळपासून पूर्ण मात्रा सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन भेटा म्हणाल्या. मी फोन ठेवला तेव्हा सुई उचललेली होती, तबक नुसतंच फिरत होतं. बाबा यंत्रासमोर वाकून खोडरबराने रेघ पुसत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "नंबर बरोबर होता. पण माणसाला न सांगता चष्मा लावला की असं होतं."

"नंबर बरोबर होता," मी म्हटलं. "श्वास चुकला."

"श्वास?"

मी त्यांना श्वासाचं सांगितलं. इतकी वर्षं त्यांनी तो ऐकलाच नव्हता. त्यांना ती खरखरच वाटायची. ते पुरते चकित झाले. म्हणाले, थांब, बघू. त्यांनी कळ शून्यावर आणली आणि खाली वाकून वाट बघत राहिले. ठिपके मंदावले, रेंगाळले, उभे राहिले. मग त्यांनी सुई टेकवली. आईही काटा घेऊन आत न जाता माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली. खरखर झाली. दाढीवाल्याने श्वास घेतला, लांब, सावकाश, आणि आम्ही तिघांनीही घेतला, बाबांनी तर डोळे मिटून. मी खुर्ची फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"कुठली?" बाबांनी विचारलं.

पियानो टेबलावरच होता. त्याच्या पट्ट्यांवर दोन दिवस त्यांची बोटं फिरली होती. कुठली दाबायची हे त्यांना या वेळी बघावं लागणार नव्हतं.

"काळी तीन," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी दाबली नाही.

"बरोबर," ते म्हणाले.